एका डोंगराचं माहेरचं नाव

मैत्रिणींनो, सासरी नाव बदललं तरी माहेरची माणसं जुन्याच नावानं हाक मारतात, आणि ती हाक कानाला किती गोड लागते! वेल्समधल्या सर्वांत उंच डोंगराचं असंच आहे. जगानं त्याला ओळखलं ते ‘स्नोडन’ म्हणून. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ बर्फाची टेकडी. पण वेल्श बोलणारे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘अर विद्व्हा’च म्हणत आले. अखेर २०२२ साली तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणानं आपल्या कारभारात हेच नाव वापरायचं ठरवलं.

या नावाचा अर्थ मात्र जरा दचकवणारा आहे. अर विद्व्हा म्हणजे थडग्यावरचा ढिगारा! दंतकथा अशी, की ऱ्हिता नावाचा एक राक्षस हरवलेल्या राजांच्या दाढ्या कापून त्यांचा झगा शिवायचा. त्यानं आर्थर राजाचीही दाढी मागितली. आर्थरनं त्यालाच मारलं आणि त्याच्या देहावर शिखरावर दगड रचले. तेच हे थडगं.

डोंगराची उंची १,०८५ मीटर. वर जायला सहा मुख्य वाटा आहेत. लानबेरिस गावाकडून निघणारी वाट सर्वांत लांब, जाऊन-येऊन साधारण साडेचौदा किलोमीटर, पण चढ बेताचा. खाणकामगारांची वाट तळ्यांच्या काठानं आरामात जाते. शेवटी मात्र दम काढते. वॉटकिन वाट १८९२ साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या हस्ते खुली झाली. तेव्हा त्यांचं वय होतं ८२! ती खूप खालून सुरू होते, त्यामुळे चढ जास्त, आणि माथ्याजवळ पायाखालचे दगड घसरतात. गुडघे कुरकुरत असतील तर १८९६ साली सुरू झालेली छोटी आगगाडी आहेच. हिवाळ्यात मात्र ती बंद असते.

कुणाच्या मुलाबाळांकडे विलायतेला जाणं झालं आणि तिकडे पाय वळले, तर एवढं लक्षात ठेवा. खाली ऊन असलं तरी वर धुकं, वारा आणि पाऊस असू शकतो. घोटा धरून ठेवणारे, तळव्याला खाचा असलेले बूट, पाणी न झिरपणारं जाकीट, लोकरी टोपी, नकाशा, बॅटरी आणि थोडा खाऊ बरोबर हवाच. निघण्यापूर्वी हवेचा अंदाज बघा. हिवाळ्यात बर्फ गोठला, की ‘सोपी’ म्हणवणारी लानबेरिसची वाटही जीवघेणी होते. बर्फावर चालायची सवय आणि साधनं नसतील, तर त्या दिवसांत वर जाऊच नये.

आणि हो, अर्ध्यावरून परतावं लागलं तर त्यात कसली आलीय लाज? शिखर कुठं पळून जात नाही. माहेरचं नाव तेवढं आठवा: अर विद्व्हा. थडगं एका राक्षसाचं आहे, तेवढं पुरे!