गोड सेंट आणि ताडोब्याचा वाघ

एका बाटलीत आंबा-पीच, दुसरीत केळं-नासपती. दोन्ही भडक, दोन्ही गोड. कोणती घ्यावी, असं चंद्रपुरात कुणी विचारलं की हमखास सल्ला मिळतो : "ताडोब्याला जाणार असाल तर कोणतीच नको, वासानं वाघ येतो." हे ऐकून ऐकून कान किटले.

या समजाचं मूळ 2018 मधलं. यवतमाळच्या पांढरकवडा-राळेगाव भागात 13 माणसांच्या मृत्यूंचा ठपका असलेल्या अवनी वाघिणीच्या शोधात वनविभागानं 'ऑब्सेशन फॉर मेन' हा सेंट वापरला. बातमी खरी, पण तिच्यातून काढलेला अर्थ चुकीचा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयानं 2003 मध्ये चित्त्यांपुढे 24 सेंट ठेवून पाहिले होते. त्यातल्या 'ऑब्सेशन'पाशी ते सरासरी 11 मिनिटं रेंगाळले, हुंगत राहिले, गाल घासत राहिले. याचं श्रेय दिलं जातं ते जवादी मांजराच्या गंधातल्या सिव्हेटोन या द्रव्याला, आंब्या-केळ्याला नव्हे. शिवाय हे कुतूहल, भूक नव्हे. आणि अवनी? ती पिंजऱ्यात आलीच नाही; 2 नोव्हेंबरच्या रात्री गोळी लागून मेली.

वाघ शिकार करतो ती मुख्यतः डोळ्या-कानांच्या भरवशावर. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचताना ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे ज्या बाया वाघाच्या तावडीत सापडतात, त्यांनी कुठला सेंट लावलेला असतो? अपुरा उजेड, दाट झुडूप आणि वाकलेलं माणूस, घात इथं होतो. त्यावर बोलायचं सोडून आपण बाटलीला दोष देतो! मोहाच्या गोड वासावर येतं ते अस्वल, तेही फुलं खायला.

जंगलात सेंटची खरी काळजी करायची ती आग्या मोहोळामुळे. केळ्याच्या वासाचं मुख्य द्रव्य आयसोअ‍ॅमिल अ‍ॅसिटेट. मधमाशी डंख मारताना इतर माश्यांना जो इशारा सोडते त्यातही हेच द्रव्य असतं, हे 1962 मध्ये संशोधकांनी दाखवलं. मधपाळ पेट्यांजवळ केळं खात नाहीत ते उगीच नाही.

बाकी किरकोळ समज. फळाचा सेंट फळाच्या रसातून काढतात? नाही, लिंबू-संत्र्याच्या सालीतून तेल निघतं, आंबा-पीचचा वास बहुधा प्रयोगशाळेतला. मनगटं घासली की वास खुलतो? मुळीच नाही. दुकानातल्या कागदी पट्टीवर निवड होते? पट्टीला घाम येत नाही, चंद्रपूरकराला येतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की फळाचा वास झपाट्यानं उडतो आणि मागे उरतो एथिल माल्टॉलचा, म्हणजे जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखा जळक्या साखरेचा वास. म्हणून दोन्ही सेंट एकेका हातावर लावून दुपारी बाजारात चक्कर मारा आणि तासाभरानं उरलेला वास आवडेल ती बाटली घ्या. केळं-नासपतीची आवडली तर खुशाल लग्नाला लावा, ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर जाताना मात्र घरीच ठेवा.