नॉर्थॅम्प्टनची दप्तरे

आपल्या समाजातील अनेक घराण्यांची वंशावळ भाटांच्या बहीत सापडते. अमेरिकेत हे काम बरेचसे सरकारी कचेरीवर पडले. तेथे आपल्या जिल्ह्यासारखा जो विभाग असतो, त्यास काउंटी म्हणतात. पूर्वजांचा शोध घेणारा मनुष्य बहुधा तिच्या कोर्टहाउसातच येऊन पोहोचतो.

व्हर्जिनिया राज्यातील नॉर्थॅम्प्टन ही अशीच एक ग्रामीण काउंटी. चेसापीक उपसागर आणि अटलांटिक महासागर यांमधील चिंचोळ्या भूभागावर ती वसली आहे. ईस्टव्हिल या लहानशा गावी तिची न्यायालयीन दप्तरे १६३२ पासून अखंड जतन झाली आहेत. इतकी जुनी सलग दप्तरे अमेरिकेत अन्यत्र नाहीत. यादवी युद्धाच्या अखेरीस, एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड शहरास आग लागली आणि सुरक्षिततेसाठी तेथे पाठविलेली कित्येक काउंट्यांची कागदपत्रे भस्मसात झाली. नॉर्थॅम्प्टनची वाचली.

खरेदीखते, मृत्युपत्रे, कज्जे, करदात्यांच्या याद्या असा हा सारा ऐवज आहे. दस्तऐवज तपासण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना तो रूक्ष वाटणार नाही. अँथनी जॉन्सन यांचेच उदाहरण पाहावे. हा आफ्रिकी मनुष्य १६२१ मध्ये व्हर्जिनियात आला, तेव्हा कागदावर त्याचे नाव केवळ ‘अँटोनिओ’ होते. पुढे तो स्वतंत्र झाला. वसाहतीत माणूस आणणाऱ्यास दरडोई ५० एकर जमीन देण्याचा तेव्हा नियम होता. त्यानुसार १६५१ मध्ये पाच माणसांच्या हिशेबाने जॉन्सनला २५० एकर जमीन मिळाली. १६५३ मध्ये आगीत त्याचे मोठे नुकसान झाले, तेव्हा न्यायालयाने त्याची पत्नी मेरी व दोन मुली यांना करमाफी दिली. गोऱ्या स्त्रियांवर हा कर नव्हता, आफ्रिकी स्त्रियांवर होता. म्हणून या माफीचे मोल अधिक.

याच दप्तरात १६५५ चा एक निकाल आहे. जॉन कॅसर हा आफ्रिकी नोकर आपली मुदत संपल्याचे सांगून शेजाऱ्याकडे गेला होता. जॉन्सनने दावा केला, न्यायालयाने तो मान्य केला आणि कॅसर आजन्म त्याचा ठरला. स्वतः बंधनातून सुटलेल्या माणसाने हे करावे, हे वाचताना मन विषण्ण होते.

जॉन्सन पुढे मेरीलँडला गेला. त्याच्या मृत्यूनंतर १६७० मध्ये व्हर्जिनियातील पंचांनी निर्णय दिला, की तो कृष्णवर्णीय, म्हणून परकीय. त्याची जमीन राजाकडे जावी. एके काळी मालकी नोंदविणाऱ्या लेखणीनेच ती काढून घेतली. १६७७ मध्ये त्याच्या नातवाने मेरीलँडमध्ये जमीन घेतली, तिचे नाव ठेवले ‘अंगोला’. घराण्याच्या मूळ भूमीचा हा बहुधा एकमेव धागा.

जॉन्सनच्या वंशजांना निदान नाव तरी मिळाले. पुढील काळातील गुलामांच्या वंशजांना तेही सहज मिळत नाही. १८५० व १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या स्वतंत्र याद्या आहेत. त्यांत नाव मालकाचे आणि त्याखाली वय, लिंग, वर्ण एवढेच. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे जनगणनेत प्रथम आली ती १८७० मध्ये. त्यापूर्वीचा पूर्वज हवा असेल, तर आधी मालकाचे नाव शोधावे लागते. मग त्या मालकाच्या मृत्यूनंतर केलेली मालमत्तेची यादी काढावयाची. बैल, खाटा, तांब्याची भांडी यांच्या ओळींमध्ये कुठेतरी पणजीच्या पणजीचे नाव असते आणि समोर तिची किंमत.