भेंडीचा हळद्या आणि बियाण्यातली ताकद

आज भेंडीविषयी बोलायचं आहे. घरामागच्या वाफ्यात चार ओळी लावणाऱ्या बायका आपल्यात आहेत, आणि दर दोन दिवसांनी तोडणी करून आठवडी बाजार गाठणाऱ्याही आहेत. दोघींनाही एक दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. पीक जोमात असतं, फुलं लागतात, आणि अचानक एका झाडाच्या पानांवर पिवळ्या शिरांची जाळी उमटते. मग पूर्ण पान हळदीत बुडवल्यासारखं होतं. फळ आखूड, पिवळट आणि निबर निघतं, गिऱ्हाईक त्याला हातही लावत नाही. कोणी याला हळद्या म्हणतं, कोणी केवडा.

पान पिवळं दिसलं की पहिला सल्ला मिळतो तो युरिया टाकायचा. दुसरा सल्ला बुरशीनाशक फवारायचा. दोन्हींत पैसा जातो आणि झाड काही सुधारत नाही, कारण हा रोग खताच्या कमतरतेचा नाही आणि बुरशीचाही नाही. तो विषाणूचा आहे. विषाणू झाडात शिरल्यावर त्याला बरं करणारं औषध बाजारात मिळत नाही, मग दुकानदार काहीही सांगो.

हा रोग आपल्याकडचा जुनाच. 1924 साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या पिकांच्या रोगांविषयी लिहिताना कुलकर्णी नावाच्या शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली होती. तो पसरतो पांढऱ्या माशीमुळे. झाड हलवलं की पानांखालून पिठासारखी उडते ना, तीच ही माशी. आजारी झाडाचा रस शोषताना विषाणू तिच्या पोटात जातो. मग ती बहुधा मरेपर्यंत ज्या ज्या झाडावर बसेल तिथे तो पोचवत राहते.

विषाणू म्हणजे तरी काय? आपल्या शरीरात, झाडात, जनावरात, प्रत्येक पेशीत एक लिखित सूचनांची पोथी असते. तिला डीएनए म्हणतात. चार अक्षरांत लिहिलेली ही पोथी माणसाची असेल तर सुमारे तीनशे कोटी अक्षरांची असते. भेंडीच्या या विषाणूची पोथी जेमतेम 2700 अक्षरांची आहे. एवढ्याशा चिठ्ठीत स्वतःचं घर चालवण्याची सोय नसते. म्हणून तो भेंडीच्या पेशीत शिरतो आणि तिच्याच चुलीवर, तिच्याच शिध्यावर आपल्या हजारो नकला करून घेतो. झाडाची वाढ खुंटते ती त्यामुळे.

त्यातही गंमत अशी की हा एकटा येत नाही. मदुराईच्या शास्त्रज्ञांनी 2003 साली दाखवून दिलं की त्याच्याबरोबर सुमारे 1350 अक्षरांचा आणखी एक तुकडा असतो. नुसता विषाणू झाडात सोडला तर रोग सौम्य राहतो. जोडीदार बरोबर आला की शिरा पिवळ्या होतात. झाडालाही स्वतःचं संरक्षण असतं. परक्या चिठ्ठ्या ओळखून त्यांचे तुकडे करण्याची व्यवस्था पेशीत असते. हा जोडीदार नेमकी ती व्यवस्था बंद पाडायला मदत करतो. घरफोडीला दोघं निघावेत आणि एकाने कुत्र्याला भाकरी टाकावी, तसं.

आता बियाण्याकडे येऊ. एखादं झाड या रोगाला दाद देत नाही, तेव्हा ती ताकद त्याच्या पोथीतल्या एखाद्या ओळीत असते. त्या ओळीला जनुक म्हणतात. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती झाडाला मिळतात.

दिल्लीच्या पुसा संस्थेत हरभजन सिंग यांनी पुसा सावनी हा भेंडीचा वाण तयार केला. त्यासाठी पश्चिम बंगालमधून आलेलं एक वाण त्यांनी संकराला वापरलं होतं. पुसा सावनी देशभर गाजली. पण काही वर्षांनी तीही पिवळी पडू लागली. मग परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. भेंडीच्या जातींत ताकद मिळेना, म्हणून ते भेंडीच्या चुलत घराण्याकडे वळले. मॅनिहॉट नावाची ही रोपजात भेंडीच्याच कुळातली. खायला ती आपल्या भेंडीसारखी नाही, पण तिच्यावर हळद्या येत नव्हता.

पुसा सावनीशी तिचा संकर करणं सोपं नव्हतं. दोघींच्या गुणसूत्रांची संख्याच वेगळी, त्यामुळे संकराच्या झाडांना बी नीट धरत नाही. तरीही जे बी मिळालं त्यातून या दोघांनी 1981 साली दाखवलं की ही ताकद एकाच जनुकात आहे आणि त्याची एक प्रत असली तरी झाड वाचतं. हे आपल्या कामाचं आहे. संकराची झाडं पुन्हा साध्या भेंडीशी फळवली, चांगली निरोगी झाडं निवडत निवडत आठव्या पिढीपर्यंत नेली, आणि त्यातून परभणी क्रांती आली. ज्यांनी 1980 च्या दशकात भेंडी लावली त्यांना हे नाव सांगायला नको. पिढ्यान् पिढ्या निवडायचं हे काम किती चिवट असतं ते धान्य पाखडणाऱ्या बायकांना लगेच कळेल.

पण आज बऱ्याच गावांत परभणी क्रांतीवरही हळद्या दिसतो. म्हणजे बियाणं खोटं निघालं असं दरवेळी नसतं. विषाणूच्या नकला काढताना चुका होतात, आणि एकाच झाडात दोन प्रकारचे विषाणू शिरले तर ते आपल्या चिठ्ठ्यांचे तुकडे अदलाबदलही करतात. त्यातून एखादा नवा निघतो, ज्याला जुनं कुलूप उघडता येतं. एकाच जनुकाची ताकद एकच कुलूप असते. म्हणून शास्त्रज्ञ आता निरनिराळ्या रानटी नातलगांकडून ताकद आणतात. बेंगळुरूच्या संस्थेची अर्का अनामिका अशाच दुसऱ्या नातलगाच्या संकरातून आली आहे.

दुकानात मिळणाऱ्या संकरित बियाण्याची गोष्ट निराळी. त्याच्या आईबापांपैकी एकाकडेच ताकदीचं जनुक असेल, तर पहिल्या वर्षी सगळी झाडं वाचतात, कारण एक प्रत पुरते. पण त्याचंच बी ठेवून पुढच्या वर्षी पेरलं तर साधारण चारातल्या एका झाडाला ती प्रत मिळत नाही. बाकीचे गुणही विखुरतात. संकरित भेंडीचं बी घरी ठेवू नये असं म्हणतात, त्याचं कारण हे. परभणी क्रांती, अर्का अनामिका हे सुधारित सरळ वाण आहेत, त्यांचं बी आपण धरू शकतो.

रोग किती लवकर येतो यावर सगळं अवलंबून असतं. उगवणीनंतर 50 दिवसांनी रोग आला तर 84 टक्क्यांपर्यंत आणि 65 दिवसांनी आला तर 49 टक्क्यांपर्यंत उत्पन्न बुडाल्याचं अभ्यासात दिसलं आहे. त्याच्याही आधी आला तर हाती जवळजवळ काही लागत नाही. त्यामुळे पहिले दोन महिने रोज एक फेरी मारा. पिवळं झाड दिसलं की मुळासकट उपटून पुरून टाका. बांधावरचं तण काढा. पिवळे चिकट सापळे लावा आणि माशी दिसताच पाच टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालून फवारा. तोडणी सुरू असताना जहाल औषध मारलेली भेंडी दोन दिवसांत आपल्याच पोरांच्या ताटात येते, हे ध्यानात ठेवा.

बी धरायचं असेल तर अजून एक काम करा. हिरवं राहिलेलं प्रत्येक झाड ताकदीचं असतंच असं नाही. कदाचित त्याच्यावर माशीच बसली नसेल. म्हणून आजारी झाड उपटताना त्याच्या अगदी शेजारच्या हिरव्या झाडाला लाल दोरा बांधा. माशी तिथवर आली होती, हे आपल्याला माहीत आहे. हंगाम संपेपर्यंत दोरा बांधलेली जी झाडं हिरवीच राहतील, त्यांचीच बोंडं वाळू द्या. भेंडीच्या फुलांवर मधमाश्या फिरतात आणि परका पराग आणतात, तेव्हा दुसऱ्या वाणाची भेंडी निदान 200 मीटर लांब असावी. गटातल्या चार-पाच जणींनी मिळून एकच वाण लावला तर हे सोपं जातं. बी सावलीत वाळवा, राख चोळून डब्यात भरा, आणि डब्यावर वाणाचं नाव, वर्ष आणि त्या वर्षी रोग किती होता ते लिहा. ज्या वर्षी गावात हळद्या आलाच नाही, त्या वर्षीचं बी पारखलेलं नाही असं समजून वेगळ्या डब्यात ठेवा.