मूल सारखे लघवीला का जाते?

ताथवडे, वाकड, हिंजवडी या पट्ट्यात नोकरदार जोडप्यांची संख्या मोठी आहे. बालवाडीत जाऊ लागलेले मूल दर पंधरा मिनिटांनी ‘शू आली’ म्हणत धावू लागले, की अशा घरांत ‘उन्हाळी लागली’ किंवा ‘शाळेचा कंटाळा आला’ असे निदान तत्काळ होते. ते खरे असेलही. मात्र त्यावर विसंबून राहणे क्वचित जिवावर बेतू शकते.

या वयात दिवसातून चार ते सात वेळा लघवी होणे स्वाभाविक आहे. मुलाच्या वयात एक मिळवून तिसाने गुणले, की मूत्राशयाची अंदाजे क्षमता मिलिलिटरमध्ये मिळते. चार वर्षांच्या मुलात ती सुमारे १५० मिलिलिटर असते.

लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे वा ताप असल्यास जंतुसंसर्गाची शक्यता असते. मूत्रमार्ग आखूड असल्याने मुलींमध्ये तो अधिक आढळतो. वारंवार होणाऱ्या संसर्गाने मूत्रपिंडास इजा होऊ शकते. त्यामुळे प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वी लघवीची तपासणी व कल्चर करून घ्यावे.

बद्धकोष्ठता हे सहसा दुर्लक्षिले जाणारे कारण. आतड्यात साठलेल्या मळाचा दाब मूत्राशयावर पडतो. शाळेतील अस्वच्छ स्वच्छतागृह टाळण्यासाठी किंवा बसच्या लांबलेल्या प्रवासात लघवी रोखून धरण्याची सवयही मूत्राशयाचे कार्य बिघडवते.

काही मुले दिवसभर थोडी थोडी लघवी करतात; वेदना नसते आणि झोप लागताच त्रास थांबतो. नवी शाळा, धाकट्या भावंडाचा जन्म, घरातील ताण यांच्याशी याचा संबंध असू शकतो. इतर आजार नसल्याची खात्री झाल्यावर धीर धरावा. काही आठवड्यांत वा महिन्यांत हा त्रास आपोआप ओसरतो. रागावल्याने मात्र वाढतो.

खरी सावधगिरी हवी ती मधुमेहाबाबत. प्रत्येक वेळी भरपूर लघवी, न भागणारी तहान, घटणारे वजन आणि सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी उन्हाळी समजून साखरेचे सरबत पाजत राहणे घातक ठरते. बोटातील रक्ताच्या एका थेंबावर साखर काही सेकंदांत कळते. ही तपासणी त्याच दिवशी करावी. उलट्या, जोरजोरात श्वास किंवा गुंगी दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे.

इतर मुलांच्या बाबतीत पालकांनी दोन दिवस लघवीच्या वेळा, मापाच्या भांड्याने मोजलेले प्रमाण, प्यायलेले पाणी व शौचाची नोंद ठेवावी. वेदना किंवा ताप असल्यास मात्र नोंदीसाठी थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना कारण शोधताना ही साधी वही मोलाची मदत करते.