एका ताटातील मायभूमी

इथिओपियाच्या संसदेने जानेवारी २०१८ मध्ये कायदा बदलून परदेशीयांनी तेथील मुले दत्तक घेण्याची वाट बंद केली. त्यापूर्वीच्या सुमारे दोन दशकांत हजारो इथिओपियन मुले अमेरिकेतील व युरोपातील घरांत गेली होती. २०१० या एका वर्षात एकट्या अमेरिकेत दोन हजारांहून अधिक मुले पोचली. ती आता शाळा-महाविद्यालयांत शिकत आहेत, काही मिळवती झाली आहेत. आपण मूळचे कोण, हा प्रश्न त्यांच्यापुढे आहे. त्यांचे उत्तर शोधण्याची सुरुवात पुष्कळ पालकांनी स्वयंपाकघरापासून केली, हे स्वाभाविकच होय. दत्तक आलेले लहान मूल जन्मभाषा लवकर विसरते. चव आणि वास मात्र मनात दीर्घकाळ रेंगाळतात.

इथिओपियाच्या बऱ्याच भागांत रोजचे अन्न म्हणजे इंजेरा. टेफ नावाच्या, खसखशीएवढ्या बारीक धान्याचे पीठ भिजवून, मागच्या पिठातील आंबट पाण्याचे विरजण लावून ते दोन-तीन दिवस आंबवितात. मग ‘मिताद’ या रुंद तव्यावर ते ओतून, झाकण ठेवून एकाच बाजूने भाजतात. वर जाळी पडते. आपली आंबोळी ताटाएवढी केली, तर तिची कल्पना येईल. तीवर मसुरीचा किंवा कोंबडीचा तिखट रस्सा आणि पिठल्याची आठवण करून देणारे ‘शिरो’ वाढतात. हे टेफ आता अमेरिकेतील आयडाहो राज्यातही पिकते. त्यामुळे पीठ मिळविणे पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही.

या जेवणाचे मर्म पदार्थांपेक्षा रीतीत अधिक आहे. सारे कुटुंब एकाच ताटात जेवते आणि उजव्या हाताने एकमेकांना घास भरविते. या घासाला ‘गुर्शा’ म्हणतात. तो देणे हे प्रेमाचे व आदराचे चिन्ह होय. परक्या देशातून आलेल्या मुलाला असा घास भरविताना आईला वेगळे काही सांगावे लागत नाही.

तथापि येथे थोडा विवेक हवा. इथिओपियात ऐंशीहून अधिक भाषा बोलल्या जातात आणि सर्वांचे अन्न एक नाही. दत्तक गेलेली अनेक मुले दक्षिण भागातील होती. तेथे केळीसारख्या दिसणाऱ्या ‘एन्सेत’ या झाडाचा गर खड्ड्यात पुरून, आंबवून त्याची ‘कोचो’ नावाची भाकरी करतात. सुमारे दोन कोटी लोकांचा निर्वाह या झाडावर होतो. अशा मुलाच्या आजीच्या घरी कदाचित कोचोच होत असेल. म्हणून कोणता पदार्थ करावा हे ठरविण्यापूर्वी मूल कोणत्या गावचे, कोणत्या लोकांतले, याची चौकशी पालकांनी अवश्य करावी.

अन्नाच्या पलीकडे नावाचा प्रश्न येतो. इथिओपियात बहुधा आडनाव नसते. मुलाच्या नावापुढे पित्याचे नाव लागते. आपल्याकडेही मधले नाव पित्याचेच असते. दत्तकाच्या कागदांवर ते नाव पुसले गेले, तर जन्मदात्याची एकमेव खूणही कधी कधी नाहीशी होते. काही मुलांचे आईवडील हयात असल्याचे पुढे उघडकीस आले, हे ध्यानात घेता या नावाचे मोल केवढे असेल! अम्हारिक लिपीत प्रत्येक व्यंजनाची सात रूपे असतात. आपल्या बाराखडीसारखीच ती शिकावी लागतात. त्या अक्षरांत आपले पूर्ण नाव लिहिणे हा मुलासाठी लहानसा पण खरा वारसा आहे.

दुष्काळाच्या चित्रांनी जगाच्या मनात या देशाची एकच प्रतिमा ठसविली आहे. मुलाला शाळेत तीच ऐकावी लागते. १८९६ साली अडवा येथे इटलीच्या सैन्याचा पराभव करणारा आणि १९६० साली रोमच्या मॅरेथॉनमध्ये अनवाणी धावून सुवर्णपदक जिंकणाऱ्या अबेबे बिकिलाचा देश तो हाच, हेही त्याने घरातूनच ऐकले पाहिजे. दारिद्र्य लपवू नये. परंतु तेवढेच सांगू नये.

आणि मुलाने इंजेरा दूर सारला तर? सारू द्यावा. इतर भावंडांसारखे दिसावे, तेच खावे, अशी ओढ त्या वयात असतेच. सक्तीने भरविलेल्या वारशाची गोडी लागत नाही. आईवडिलांनी मात्र आवडीने तो खात राहावे आणि शक्य असेल तेथे इथिओपियन कुटुंबांशी घरोबा ठेवावा. वॉशिंग्टन शहराच्या परिसरात अशी वस्ती मोठी आहे. आपल्यासारख्या चेहऱ्याच्या माणसांत बसून जेवण्याने जे साधते, ते केवळ पाककृतीच्या पुस्तकाने साधत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात दत्तक मुलाच्या वांशिक, धार्मिक, सांस्कृतिक व भाषिक पार्श्वभूमीचा योग्य विचार व्हावा, असे म्हटले आहे. भारतानेही १९९२ साली तो स्वीकारला. आपल्याकडून मुले परदेशी दत्तक जातात; देशातही एका प्रांताचे मूल दुसऱ्या प्रांतातील घरात वाढते. ओडिशात जन्मलेल्या मुलीला पुण्याच्या घरी कधी पखाळ, म्हणजे पाण्यात भिजवून आंबविलेला भात, वाढला गेला, तर त्यामुळे नवे घर उणे होत नाही. आपले पहिले घरही येथे मान्य आहे, एवढे तिला कळते. आणि मग दुसऱ्या घरात मन मोकळे करणे तिला सोपे जाते.