रॅम्प आहे की!

लग्नाची पत्रिका आली की मी आधी कार्यालयाला फोन लावतो. मामांना अर्धांगवायूचा झटका येऊन सहा वर्षं झाली. ते व्हीलचेअरवर असतात, पण नात्यातलं लग्न चुकवायचं नाही हा नेम त्यांनी मोडलेला नाही. फोनवर मी एवढंच विचारतो, "व्हीलचेअर आत येते का?" उत्तर ठरलेलं असतं. "रॅम्प आहे की!" वर थोडा दुखावलेला सूर, जणू मी जेवणात मीठ असतं का असं विचारलंय.

गेल्या उन्हाळ्यात एका कार्यालयात असाच रॅम्प पाहिला. दाराशी तीन पायऱ्या, एकूण चढ दीड फूट. शेजारी गुळगुळीत ग्रॅनाइटची घसरगुंडी, लांबी साडेचार फूट. (टेप माझ्या पिशवीत असते. लोक हसतात, हसोत.) पायथ्याशी स्कूटर लावलेली. ती हलवेपर्यंत केटरिंगची पोरं त्याच उतारावरून गॅसची टाकी गडगडत घेऊन गेली. मामा म्हणाले, "बघ, मी आणि टाकी एकाच वाटेचे."

रॅम्प म्हणजे पायरीवर टाकलेली तिरकी फरशी, हा पहिला गैरसमज. खरं तर रॅम्प म्हणजे एक प्रमाण आहे. ते चुकलं की उरतो तो चढ. आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांत हे प्रमाण एकास बारा आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. आणि ही मर्यादा आहे, आदर्श नव्हे. याहून सौम्य चालेल, तीव्र नाही. म्हणजे त्या दीड फुटासाठी अठरा फूट लागत होते. होते साडेचार, म्हणजे एकास तीन.

फरक किती पडतो? माणूस आणि खुर्ची मिळून नव्वद किलो धरा. एकास बाराच्या उतारावर साडेसात किलोच्या आसपास जोर लावला की खुर्ची सरकते, दणकट दंडाचा माणूस स्वतःच चाकं फिरवून वर येतो. एकास तीनवर हाच जोर अठ्ठावीस किलोवर जातो, म्हणजे ढकलणाऱ्याने एक भरलेली टाकीच उचलून धरावी तसा. पुढची चाकं उचलली जाऊन खुर्ची मागे कलंडायला लागते. उतरताना पायथ्याशी पावलं ठेवायच्या पट्ट्या जमिनीवर आपटतात आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. असा रॅम्प नसलेला बरा. नसला तर निदान सगळ्यांना कळतं की सोय नाही.

"साहेब, एवढी जागा कुठून आणायची?" कार्यालयाच्या व्यवस्थापकांचा प्रश्न रास्त होता, म्हणून शांतपणे उत्तर दिलं. अठरा फूट सरळ रेषेतच हवेत असं नाही. मध्ये वळायला पाच फूट सपाट जागा ठेवून नऊ-नऊ फुटांत दुमडता येतात. तेही जमत नसेल तर खुर्चीसकट वर नेणारी छोटी उभी लिफ्ट मिळते. त्यांच्या दारात भिंतीला लागून आम्ही टेप धरली, तर अठरा फूट कुंड्यांच्या रांगेतच बसले. कुंड्या मात्र हलवाव्या लागणार होत्या, आणि त्या मालकीणबाईंच्या होत्या.

लांबी साधली तरी काम संपत नाही. रुंदी किमान १२०० मिलिमीटर, म्हणजे चार फूट. वर दारापाशी सपाट जागा हवी, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागे सरकते. उंबरठा १२ मिलिमीटरपेक्षा उंच नको. कठडा दोन्ही बाजूंना. दोन्ही कशाला, असं विचारणाऱ्यांनी अर्धांगवायूतून सावरून काठीने चालणारा माणूस बघावा. त्याचा एकच हात चालतो. चढताना कठडा उजवीकडे असेल तर उतरताना तोच डावीकडे येतो.

इतक्यावर कोणीतरी म्हणतंच, "मामा, तुम्ही निवांत बसा हो, पोरं उचलतात!" भावना चांगली आहे, पण पोरं खुर्चीच्या हातांना धरतात आणि बऱ्याच खुर्च्यांचे हात निघणारे असतात. बॅटरीवरची खुर्ची तर रिकामीच जड असते. शिवाय दर खेपेला चार पोरं गोळा करायची म्हटल्यावर मामा सकाळपासून पाणी पीत नाहीत. हे मला फार उशिरा समजलं.

दुसरा हट्टी समज: हे सगळं सरकारी इमारतींसाठी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सार्वजनिक इमारतीची व्याख्या आहे. लोकांचा वावर असलेली सरकारी किंवा खासगी इमारत, असं तिथे स्पष्ट आहे. शाळा, दवाखाना, दुकान, नाट्यगृह, बसस्थानक, इतकंच काय, धार्मिक स्थळही त्यात येतं.

इमारत जुनी म्हणून सूट? नाही. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे. हिशेब तुम्हीच करा.

"ती नुसती मार्गदर्शक तत्त्वं आहेत हो," असं एक आर्किटेक्ट मला म्हणाले. या पळवाटेवर सर्वोच्च न्यायालयानेच बोट ठेवलंय. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयाने निकाल दिला. कायदा सक्तीची भाषा बोलतो आणि नियम १५(१) फक्त शिफारस करतो, म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक मानकं करायला सांगितलं. याचिका दाखल झाली होती २००५ मध्ये.

"असे लोक असतात किती?" २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख. त्यांत गुडघे धरून जिना चढणारी तुमची आजी मोजलेली नाही.

दिव्यांग म्हणजे व्हीलचेअर, हेही तितकंच चूक. कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत, आणि अंध माणसाला रॅम्पपेक्षा लिफ्टमधला मजला सांगणारा आवाज जास्त कामाचा.

फुटपाथवरच्या पिवळ्या उठावाच्या फरश्याही अंधांसाठीच असतात, घसरू नये म्हणून किंवा शोभेला नव्हे. लांब पट्ट्या म्हणजे पुढे चला, ठिपके म्हणजे थांबा, पुढे वळण किंवा धोका आहे. १९६७ मध्ये जपानमधल्या ओकायामात त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. रंग पिवळा, कारण अंधुक दिसणाऱ्यांनाही तो उठून दिसतो. आपल्याकडे त्या थेट विजेच्या खांबावर नेऊन सोडलेल्या मी पाहिल्या आहेत.

लिफ्ट आहे म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. खाली पार्किंग असलेल्या कितीतरी सोसायट्यांत लिफ्ट पाच पायऱ्या चढल्यावर सुरू होते.

राहिलं स्वच्छतागृह. त्या कार्यालयात दिव्यांगांसाठी वेगळं होतं, पाटीसकट. दाराला कुलूप. काचेतून आत रचलेल्या खुर्च्या आणि खराटे दिसत होते. "कोणी वापरतच नाही, म्हणून बंद ठेवतो," व्यवस्थापक म्हणाले. किल्ली कुठे आहे विचारलं, तर वर, पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात. जिन्याने जायचं.