हिब्रू स्तोत्रकाव्यातील समांतरता आणि श्रद्धावान वाचक

हिब्रू काव्याचे मर्म अर्थाच्या समांतरतेत आहे, असे ऑक्सफर्डचे काव्याध्यापक रॉबर्ट लौथ यांनी १७५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत दाखविले. पूर्वार्धातील आशय उत्तरार्ध निराळ्या शब्दांत दृढ करतो, विरोधाने उजळतो किंवा पुढे नेतो. १९२९ पासून उगारित येथे उत्खननात सापडलेल्या काव्यांतही हीच रीती आढळली.

ख्रिस्ती श्रद्धावानास या ज्ञानाचा उपयोग कोणता? जखऱ्याच्या ग्रंथात (९:९) गाढवावर, शिंगरावर बसून येणाऱ्या राजाचे वर्णन आहे. समांतरतेच्या न्यायाने तेथे प्राणी एकच होय. मार्क, लूक व योहान एकाच प्राण्याचा उल्लेख करतात; मत्तय (अध्याय २१) मात्र दोन सांगतो. ही रचना ठाऊक नसलेला वाचक एक तर गोंधळतो, नाही तर ओढूनताणून अर्थ लावतो. ती जाणणाऱ्यास, भविष्यवाणीचे पदन्‌पद पूर्ण झाल्याचे दाखविण्याचा मत्तयाचा कटाक्ष येथे असावा, असे अनुमान करता येते. आणि मतभेदाचे मूळ काव्यरीतीत आहे, हे उमगते.

समांतरता अर्थावर आधारलेली असल्याने भाषांतरातही बरीचशी टिकते. म्हणूनच स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रे मराठीत वाचणाऱ्या उपासकासही हा अभ्यास असाध्य नाही.